लांजेवार सर आणि कोहमाऱ्याला डावीकडे वळलेला ट्रक

बुधवार, ७ मे. वेळ सकाळची. जागा: इटियाडोह धरणाचा कालवा, माझ्या माहेरच्या गावाची शीव.

हजर: लांजेवार सर, गोंदियाच्या पॉलिटेक्निकचे, प्रकल्पाचे प्रमुख. मी, त्याच पॉलिटेक्निकच्या स्टोअरची प्रमुख. माझा भाऊ दामोदर, गावच्या पाणी वापर संस्थेचा अध्यक्ष. भागरता मावशी, बायकांच्या बचत गटाच्या अध्यक्ष. क्रेनवाला. ट्रकवाला. गावातली बरीच मंडळी, नावं लिहून घेतली नाहीत.

काम: कालव्यात बसवलेली वीज तयार करणारी चक्री काढून दुरुस्तीसाठी गोंदियाला नेणे.

त्या दिवशी मी असं लिहून ठेवलं. शेवटची ओळ दुपारपर्यंत खोटी निघाली. ते पुढे येईलच. आधी लांजेवार सर.

अंगानं लहान, आवाजानं मोठा माणूस. शर्टाच्या खिशात पेन कधी नसे, टेस्टर असे. सही करायची वेळ आली की माझं पेन मागायचे आणि परत द्यायचे नाहीत. पँटचे काठ वर्षातले बरेच महिने ओले. कुठे पाणी वाहताना दिसलं की बूट काढून आत उतरायचं, ही त्यांची सवय. एकदा कॉलेजच्या सहलीला नवेगाव बांधला गेलो, तर सगळे बोटीची वाट बघत उभे आणि सर सांडव्याच्या पाण्यात गुडघाभर उभे राहून एक काटकी सोडून तिच्यामागे बघत होते.

माणसांना ते खात्याच्या नावानं हाक मारत. मी 'स्टोअर', ग्रंथपाल 'लायब्ररी'. प्राचार्यांना समोर 'साहेब' आणि पाठीमागे 'सही', कारण त्यांचं मुख्य काम तेवढंच, असं सरांचं मत. डब्यात फक्त भात आणायचे. "भात माझा, बाकी तुमचं," म्हणत सगळ्यांच्या डब्यांत चमचा फिरवायचे. कोणी कधी रागावलं नाही, कारण भात खरंच चांगला असायचा, चिचगडकडचा, त्यांच्या आईच्या बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला. आई अजून मोह वेचायला रानात जाते, हे ते अभिमानानं सांगत.

आणि त्यांचं एक वाक्य होतं: "माझ्यावर सोड."

ग्रंथालयाचा पंखा बंद पडला, माझ्यावर सोड. शिपायाच्या मुलीला वसतिगृहात जागा मिळेना, माझ्यावर सोड. माझ्या स्टोअरमध्ये पावसाचं पाणी गळायचं, बांधकाम खात्याला पत्रं लिहून मी थकले होते, तर हा माणूस रविवारी शिडी घेऊन आला आणि पत्र्याला डांबर लावून गेला. हे सगळं मी मुद्दाम लिहिते आहे. छोटी कामं त्यांनी कधी अर्धवट सोडली नाहीत. मोठ्या कामाला आम्ही त्यांच्यावर विश्वास टाकला, तो उगाच टाकला नाही.

प्रकल्पाचं वेड जुनं. छताच्या मोडक्या पंख्याची पाती, कुठल्याशा मोटारीचा डायनॅमो आणि माझ्या स्टोअरमधून 'तात्पुरता' नेलेला पाइप, एवढ्यावर त्यांनी पहिली चक्री केली. कॉलेजच्या टाकीचं पाणी तिच्यावर सोडलं. बल्ब लागला. कँटीनवाले मिश्राजी हात पुसत बघायला आले.

"सरजी, इससे मेरा फ्रिज चलेगा क्या?"

"चलेगा मिश्राजी. पहिले उसमें से परसों के समोसे तो निकालो."

मग दिल्लीच्या एका खात्याची योजना निघाली. लहान जलविद्युत आणि समुद्राच्या लाटा, भरती-ओहोटी यांपासून वीज, अशा दोन्ही संशोधनांना एकाच योजनेतून सरकारी मदत. सरांनी प्रस्ताव पाठवला, तो परत आला. पुन्हा पाठवला. मधल्या काळात त्यांच्या डब्यातला भात तसाच राहायचा. मंजुरी आली त्या दिवशी त्यांनी मिश्राजींचे सगळे समोसे वाटले आणि माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले.

"का वो स्टोअर, तुझ्या माहेरावरून नहर जाते ना?"

"जाते."

"अन् तिथं पायरीवरून पाणी खाली पडते ना?"

पडतं. लहानपणी आम्ही तिथे म्हशी धुवायचो. जागा मी दाखवली. दामोदरशी गाठ मी घालून दिली.

आता इथलं एक सांगायला हवं. उन्हाळी धानाला धरणाचं पाणी सगळ्या गावांना पुरत नाही. म्हणून पाळी लावलेली असते: या वर्षी या गावांना, पुढच्या वेळी त्या गावांना. पाळीचं वर्ष आलं की गावात लग्नं ठरतात, घराला नवा पत्रा पडतो. आमच्या गावाची पाळी नेमकी त्याच वर्षी होती. आणि सरांच्या चाचणीला पायरीवरून सारखं, भरपूर पाणी पडायला हवं होतं, पूर्ण हंगामभर. गावानं कालव्यावरची आपली दारं उघडून पाणी बांध्यांत घेतलं, की पायरीवर धार कमी. म्हणजे चाचणी हवी असेल तर गावानं दारं बंद ठेवायची, आपल्या पाळीचं पाणी खालच्या गावाला जाऊ द्यायचं आणि उन्हाळी धान सोडायचा.

हे मागायला सर आले ते पावसाळी धान कापून झाल्यावर, ज्या दिवशी आमच्या घरी नवा भात शिजला होता त्या दिवशी. वहिनीनं नव्या तांदळाचा भात, लाखोरीची डाळ आणि वांगी वाढली. सर पंगतीत मांडी घालून बसले, दोनदा भात घेतला, ताट धुऊन प्यायले. मग ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बैठक. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, आणि सर जाऊन बायकांच्या बाजूला बसले.

"मी चिचगडकडचा पोट्टा आहो," त्यांनी सुरुवात केली. कॉलेजात ते इतकी गावची बोली काढत नसत. "मी तुमच्याकडून एक पाळी मागून राहिलो. तिच्या बदल्यात मशीन तुमची. तुमचा हलर तिच्यावर चालन."

बचत गटाचा धान भरडायचा हलर पायरीपासून जवळच होता. मोटारीला लागणारी विजेची लाइन अवेळी यायची आणि बायकांना तिच्या वेळेला घर सोडून पळावं लागायचं. सरांनी हे आधीच विचारून ठेवलं होतं.

"मशीन कोनाची राहीन, ते साफ सांगा," दामोदर म्हणाला.

"गावाची. चाचणी झाली का गावाची."

भागरता मावशी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अन् तू गेल्यावर रे बापा? बिघडली तं आमी काय तिची आरती करू?"

सगळे हसले. सरही हसले. "मी कुठं जातो मावशे? माझ्यावर सोड."

मागून कोणीतरी म्हणालं, कागद करून घ्या. दामोदर त्याच्यावर खेकसला. "काऊन रे? आत्ताच माह्या घरी नवा भात खाल्ला त्यायनं. त्याच्याकडून कागद मागतोस?"

आमच्याकडे हे असंच आहे. ज्यानं घरात बसून नवं अन्न खाल्लं, तो त्या वर्षापुरता घरचा. घरच्याकडून कोणी लिहून घेत नाही. सरांना ही रीत समजावून सांगायची गरज नव्हती, ते त्याच भागातले. माझ्यासारखी, स्क्रूसुद्धा पावतीशिवाय न देणारी बाई तिथे बसली होती. मलाही कागद सुचला नाही.

हिवाळ्यात चक्री बसली. पहिल्यांदा फिरली त्या दिवशी सकाळपासून पायरीवर गर्दी. खालच्या गावचे लोकही आले होते, त्यांच्या बांध्यांत आमचं पाणी पोहोचलेलं. त्यांच्यातला एक दामोदरला म्हणाला, "आमाले धान, तुमाले पंखा! हवा घ्या आता बसून."

"हव ना, अन् तुवा धान आनजो आमच्याकडेच भरडाले," भागरता मावशींनी तिथल्या तिथे परत केलं.

सरांनी पाण्याचं दार वर घेतलं. चक्री आधी अडखळली, मग धरून फिरू लागली. हलरचा पट्टा हलला. मावशींनी सुपातला धान ओतला आणि खालून पांढरा तांदूळ पडायला लागला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका नुसत्या हात खाली धरून तांदूळ पडू देत राहिल्या. मी सरांकडे बघितलं, तर ते तोंड फिरवून उभे होते आणि बाहीनं डोळे पुसत होते. ते रडणं खोटं नव्हतं, असं मला आजही वाटतं. त्यामुळे पुढचं सोपं होत नाही, अवघड होतं.

पूर्ण हंगाम चक्री चालली. दिवसा केव्हाही हलर लावता यायचा. आमच्या बांध्या मात्र कोरड्या, भेगाळलेल्या, आणि पायरीखाली नजर जाईल तिथवर हिरवं. दामोदर रोज सकाळी दारं बंद आहेत ना ते बघून यायचा. आपल्याच बांधीचं दार बंद आहे का ते आपणच तपासायचं, हे काम सोपं नाही. एका शेतकऱ्यानं एकदा चोरून दार थोडं उचललं, तर दामोदरनं ते स्वतः खाली केलं आणि त्याच्याशी भांडून अबोला धरला. तो अबोला अजून आहे.

मार्चमध्ये दिल्लीहून तज्ज्ञ बघायला आले. त्या दिवशी मी सरांचं दुसरं रूप पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, खिशात टेस्टरच्या जागी पेन, आणि तोंडात असं इंग्रजी की मी स्टोअरचा हिशेब विसरून ऐकत राहिले. पाहुण्यांनी विचारलं, गाववालों का सहयोग कैसा है? सरांनी भागरता मावशींना पुढे केलं.

"आमी आमची पाळी देल्ली साहेब," मावशी म्हणाल्या.

पाहुण्यांना कळेना. सरांनी हिंदीत सांगितलं, गाववालों ने अपनी इच्छा से पानी दिया है, विज्ञान के लिए. 'विज्ञान के लिए' हे त्यांचं स्वतःचं होतं. मावशी हलरबद्दल काही बोलायला गेल्या, तोवर सर पाहुण्यांना चहाकडे घेऊन निघाले होते. मला ते खटकलं. पण पाहुण्यांसमोर माणूस थोडं सजवून बोलतो, असं म्हणून मी सोडून दिलं.

एप्रिलअखेर कालव्याचं पाणी बंद झालं. सरांनी दामोदरला फोन केला: पाती झिजली आहेत, पावसाळ्याआधी दुरुस्तीला नेतो. म्हणून ७ मेची ती सकाळ. क्रेननं चक्री उचलली तेव्हा दामोदर खालून ओरडत होता, "हळू गा, हळू, पोट्टी आहे ती आमची." भागरता मावशींनी ट्रकवर चढवलेल्या चक्रीला कुंकू लावलं आणि सरांच्या हातात आंबाडीच्या वाळल्या फुलांची पिशवी दिली, त्यांच्या आईला आवडते म्हणून. सरांनी वाकून मावशींच्या पायांना हात लावला.

मी ट्रकमागून सरांसोबत जीपमध्ये. स्टोअरची प्रमुख म्हणून मशीन गोंदियाला उतरवून घेणं माझं काम. वाटेत सर गप्प होते. इतके गप्प मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण ऊन असं होतं की कोणीही गप्प बसलं असतं.

कोहमाऱ्याला जेवायला थांबलो. कोहमारा म्हणजे हमरस्त्यावरचा चौक. आमच्याकडून येणारा माणूस सरळ गेला की गोंदिया, डावीकडे वळला की नागपूर, उजवीकडे रायपूर. सर धाब्यात शिरले. मी ट्रकच्या दोऱ्या बघायला थांबले, ती माझी सवय. ड्रायव्हर ट्रकचं तोंड डावीकडे लावून उभा होता.

मी म्हटलं, "भैया, गोंदिया सीधा है."

"मेरे को मालूम है मॅडम. मैं तो नागपुर जा रहा, आगे पूरा मुंबई तरफ."

"ये मशीन दुरुस्ती के लिए गोंदिया जाएगी."

"दुरुस्ती?" त्यानं ताडपत्रीवर हात मारला. "अच्छा-खासा चालू माल है. साहब ने बोला, संभाल के ले चलना, इसको समुंदर दिखाना है."

मी आत गेले. सरांनी माझ्यासाठी डाळ सांगून ठेवली होती, तिखट कमी, मला लागते तशी.

"सर, ट्रक नागपूरला चालला आहे."

"हव. बस आधी."

"दुरुस्ती नागपूरला आहे?"

त्यांनी रोटीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. "दुरुस्ती नाही. चाचणी संपली. योजनेच्या पैशातून झालेली वस्तू योजना सांगेल तिथं जाते. किनाऱ्यावर नवीन केंद्र उघडलं आहे, खाडीच्या पाण्यावर काम आहे. ही तिथं लागते. मीही तिकडेच जातो आहे. बदलीचा आदेश आला."

"परत कधी येणार? मशीन."

"नाही येत."

बाजूच्या टेबलावर ट्रकवाले मोठ्यानं हसत होते. मी ते हसणं संपायची वाट पाहिली.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

ते खोटं बोलू शकले असते. गेल्या आठवड्यात म्हणाले असते, तर मी मानलं असतं. पण मला वाटतं, त्यांना माझ्यापुढे तेवढं एक तरी खरं बोलायचं होतं.

"पहिल्यापासून. मंजुरी आली त्यातच अट होती."

"मग ओसरीवर तुम्ही गावाला..."

"नसतो बोललो, तर त्यांनी पाळी दिली असती का?"

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही, लाजूनही म्हटलं नाही. वर्गात एखादं समीकरण सोडवून दाखवावं, पोरांना शेवटची पायरी पटावी, तसं म्हटलं. आणि मी खरंच क्षणभर विचार केला की नसती दिली. मग मला स्वतःचाच राग आला.

"सर, तुम्ही आमच्या घरी नवा भात खाल्ला होता."

"खाल्ला," ते म्हणाले. ताटाकडे बघत म्हणाले, "चांगला होता."

 त्यांनीच पुढे बोलायला घेतलं. संशोधन एका गावात ठेवून भागत नाही. हीच चक्री पुढे सुधारली तर किती कालवे, किती खाड्या, किती गावं. बोलता बोलता त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा झाला, हात हलायला लागले. ते मला फसवत नव्हते. त्यांचा त्यावर विश्वास होता.

"त्या गावांनाही मशीन तुमचीच म्हणून सांगाल?" मी विचारलं.

ते उठले. हात धुऊन आले, रुमालाला पुसले आणि म्हणाले, "गावाला तू सांग स्टोअर. तुझ्या तोंडून त्यायले लागनार नाही." गावची बोली त्यांनी त्या वेळी काढली.

"तुम्ही सांगा. तुमचं काम आहे."

"मला नाही जमणार वो," ते म्हणाले, आणि मी त्यांच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदाच ऐकले.

जीप मला घेऊन गोंदियाला जाणार होती, ते ट्रकनं पुढे. आंबाडीची पिशवी बगलेत धरून ते ड्रायव्हरशेजारी चढले. ट्रक डावीकडे वळला. मी धाब्याच्या सावलीत उभी होते. सरांनी खिडकीतून मान बाहेर काढली, पूर्ण मागे वळून बघितलं. मला वाटलं माझ्याकडे बघतात. पण ते ताडपत्रीची गाठ बघत होते, नीट बसली आहे का. बसली होती. मान आत गेली. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

मी गावाला काही सांगितलं नाही. उद्या सांगू, असं म्हणत राहिले. तोवर मशीन समुद्राकडे गेल्याची बातमी कालव्याच्या चौकीदाराकडून दामोदरपर्यंत पोहोचली, आणि गावानं आपली आपण गोष्ट जुळवून घेतली.

"सरायले फसवलं वो बाई दिल्लीवाल्यायनं," दामोदर फोनवर म्हणाला. "आपल्यासाठी भांडला असन तो बिचारा. म्हनून त्याची बदली केली. मी सांगतो तुले."

मी "हं" म्हटलं.

"त्यायले सांग, आमाला त्यायचा राग नाई."

मी पुन्हा "हं" म्हटलं. दोष दिल्लीचा आहे तोवर दामोदरला गावात कोणी काही म्हणत नाही. दोष सरांचा ठरला, तर पाळी कोणाच्या शब्दावर सोडली, आणि तो माणूस गावात आणला कोणाच्या बहिणीनं, हे प्रश्न येतील. मला याची भीती नाही असं मी लिहिणार नाही. पण मी फक्त त्यामुळे गप्प राहिले असंही नाही. भागरता मावशी आता पुन्हा अवेळी हलरकडे पळतात आणि तरी 'आपला पोट्टा' म्हणून सरांचं नाव काढतात. ते नाव त्यांच्याकडून काढून घेणं मला जमत नव्हतं.

गावाची पुढची पाळी जवळ आली, आणि परवा दामोदरचा पुन्हा फोन आला. दुसऱ्या एका कॉलेजचे लोक पायरी बघून गेले. तीच योजना, नवी चक्री, पुन्हा पूर्ण हंगामभर पाणी पाहिजे. त्यांनीही सांगितलं, चाचणी झाली की मशीन तुमची. रविवारी ओसरीवर बैठक आहे.

"देऊन टाकू म्हनतो पाळी," दामोदर म्हणाला. "मानसं चांगली दिसतात. त्यातला एक तं अगदी लांजेवार सरासारखा बोलते."

आज शनिवार. सकाळपासूनची कामं: स्टोअरची साठामोजणी, झाली. गॅसचा नंबर लावणे, झालं. वहिनीसाठी औषध घेऊन बसनं पाठवणे, झालं.

दामोदरला खरं सांगणे: बाकी.